उलटं वाण

फेब्रुवारी २०१६. अंगोलाची राजधानी लुआंडा, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद. जावई सिंदिका डोकोलो सासऱ्यांकडे आला होता आणि रिकाम्या हाताने आला नव्हता. सोबत होते दोन लाकडी मुखवटे आणि चोक्वे जमातीच्या राजाची एक मूर्ती. देशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या दुंदो गावाच्या संग्रहालयातून यादवीच्या धामधुमीत या वस्तू चोरीला गेल्या होत्या. हात बदलत बदलत त्या युरोपात पोचल्या. जावयाने माणसं लावून त्यांचा माग काढला, त्या सोडवून आणल्या आणि सासऱ्यांच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, म्हणजेच देशाच्या हवाली केल्या. हे दोन ‘म्हणजे’ काही केल्या घशाखाली उतरत नाहीत. बाकी सगळं वाखाणण्यासारखं आहे. आफ्रिकेतून गेलेला माल आफ्रिकेत परत येणं ही तशी दुर्मीळ गोष्ट, आणि इथे ती कुठल्याही परदेशी सरकारच्या मेहरबानीशिवाय घडली होती. पण देणारा घरातला, घेणारा घरातला आणि वस्तू मात्र सार्वजनिक, हा प्रसंग दहा वर्षांनंतरही कुसळासारखा टोचत राहतो.

आपल्याकडे अधिक महिना आला की जावयाला ३३ अनारसे, त्यावर चांदीचा दिवा, जमल्यास कपडे. वाण सासरकडून जावयाकडे जातं, त्याची उलट दिशा आपल्या अंगवळणी पडलेली नाही. ‘जामाता दशमो ग्रहः’ म्हणून त्याच्या वक्रदृष्टीची भीतीही आपण श्लोकात घालून ठेवली आहे. अंगोलात रीत वेगळी. तिथे ‘आलांबामेंतू’ असतो. मुलाकडचे लोक आधी रीतसर पत्र घेऊन येतात, मग पैसे, पेयं, कापडचोपड, मुलीच्या मामाला सूट अशी यादी होते आणि देणं मुलाच्या बाजूने मुलीच्या बाजूला जातं. चोक्वे लोकांत तर मुखवट्याचंही असंच. नाचणारा माणूस मूर्तिकाराकडून मुखवटा घेताना त्याला धातूचं कडं देतो. वधूमूल्याचीच ती खूण. मुखवट्याशी त्याचं जणू लग्न लागतं, आणि तो गेला की मुखवटाही पुरण्याची प्रथा होती. तेव्हा तीन वस्तू घेऊन सासऱ्यांच्या दारी आलेला जावई त्या मातीत विपरीत काही करत नव्हता. फक्त त्याचं लग्न १३ वर्षांपूर्वीच झालेलं होतं, आणि या १३ वर्षांत देण्याघेण्याचा ओघ बराचसा दुसऱ्याच दिशेने वाहिला होता.

सिंदिका डोकोलो मूळचा काँगोचा. जन्म १९७२ चा, किन्शासातला. आई डॅनिश, वडील ऑगस्टिन डोकोलो सानू बँकर. त्यांनी उभी केलेली बँक ऑफ किन्शासा १९८६ मध्ये हुकूमशहा मोबुतूंच्या राजवटीत सरकारजमा झाली. त्या वेळी मुलगा १४ वर्षांचा. वाढला बेल्जियम-फ्रान्समध्ये, शिकला पॅरिसमध्ये, आणि चित्रं-शिल्पं जमवायला लागला तोही वडिलांच्याच नादाने, पंधराव्या वर्षी. सही करणारा माणूस आपला नसेल तर उभी बँकसुद्धा एका कागदाने जाते, हे ज्या घराने सोसलं त्या घरातला हा मुलगा. तिशीला आल्यावर त्याने जिथे सोयरीक केली तिथे देशातली शेवटची सही घरातलीच होती. या दोन गोष्टींचा धागा जोडण्याचा मोह होतो. तो पक्का आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण नजरेआडही करवत नाही.

मुलगी इझाबेल दुश सांतुश. (पोर्तुगीज नावांचे हे शेवटचे ‘श’ गोव्यातल्या जुन्या पिढीला सांगावे लागत नाहीत.) तिचे वडील जुझे एदुआर्दू दुश सांतुश तरुणपणी बाकूला पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकायला गेले होते, तिचा जन्म तिथलाच, आई रशियन. १९७९ मध्ये वडील राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३८ वर्षं राहिले. लग्न झालं डिसेंबर २००२ मध्ये. सत्तावीस वर्षांची यादवी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये थांबली होती. रस्ते उखडलेले, शेतांत सुरुंग, आणि जमिनीखाली तेल आणि हिरे. शांतता आल्यावर हे सगळं विकायला, बांधायला, वाटायला मोकळं झालं. मुहूर्त म्हणाल तर याहून चांगला नव्हता.

त्या मुखवट्यांपैकी एखादा जवळून पाहायला हवा. या जातीला ‘म्वाना प्वो’ म्हणतात. मुखवटा बाईचा, घालून नाचणारा मात्र पुरुष. अंगभर विणलेल्या दोरखंडी जाळीचा पोशाख, छातीवर लाकडी स्तन. मूर्तिकार समोर एखादी खरी देखणी बाई धरून चेहरा कोरतो, त्यामुळे दोन चेहरे एकसारखे निघत नाहीत. डोळे खोल खोबणीत, अर्धवट मिटलेले, नुसती चीर. कपाळावर क्रूसासारखी चारपाती नक्षी, डोळ्यांखाली गालावर उभ्या रेघा. या रेघा म्हणजे आसवं. लाकडावर तांबूस माती आणि तेलाचा हात फिरून फिरून कातडीसारखी चकाकी येते, आणि केसांच्या जागी धाग्यांच्या वेण्या गुंफलेल्या असतात. चोरट्या व्यापारात सगळ्यात आधी जातात त्या या वेण्या, कारण त्या कुजतात. कपाळाची नक्षी आणि गालाची आसवं मात्र लाकडातच कोरलेली असल्यामुळे बोटाच्या ठशासारखी ओळख देतात.

ओळख पटवायचं काम याच ठशांवर चाललं. दुंदोचं संग्रहालय उभं केलं होतं डायमांगने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हिरे कंपनीने, १९३६ मध्ये. एका हाताने जमिनीतले हिरे न्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच जमिनीवरच्या माणसांचे मुखवटे कपाटात लावायचे. पण कंपनीचा कारभार चोख. वस्तूंच्या नोंदी ठेवल्या, फोटो काढले, १९६१ मध्ये चोक्वे कलेवरचा जाडजूड दोन खंडी ग्रंथही छापला. वसाहतीच्या मालकांनी स्वतःच्या हौसेसाठी ठेवलेला हा हिशेब पन्नास वर्षांनी चोर पकडायला उपयोगी पडला. डोकोलोच्या बाजूने ब्रुसेल्स आणि पॅरिसमधले मुरलेले कलाविक्रेते लिलावांच्या सूच्या आणि खासगी संग्रह चाळत होते. जुन्या छायाचित्रातली वस्तू सापडली की मालकापुढे दोन वाटा ठेवायच्या: तू ज्या किमतीला घेतलीस ती किंमत घे आणि वस्तू दे, नाहीतर चोरीच्या मालाबद्दल कोर्टात भेटू. आजचा बाजारभाव मिळणार नाही. यात गंमत अशी की समोरचा माणूस बहुतेक वेळा खरोखरच बेसावध ग्राहक असतो, त्याने पावती घेऊनच वस्तू घेतलेली असते. पण ज्याने पहिल्यांदा विकली त्याला विकायचा हक्कच नव्हता, म्हणून पुढच्या सगळ्या पावत्या कच्च्या. तत्त्व सोपं आहे आणि न्याय्यही.

तेच तत्त्व आता तेलाला लावून पाहू.

२००६ मध्ये सोनांगोल या अंगोलाच्या सरकारी तेल कंपनीने आपल्या एस्पेराझा नावाच्या डच कंपनीतला ४० टक्के हिस्सा एक्झेम नावाच्या कंपनीला विकला. एक्झेम डोकोलोची. एस्पेराझाकडे अमोरिम एनर्जिया या कंपनीचे ४५ टक्के, आणि अमोरिम एनर्जियाकडे गाल्प या पोर्तुगीज तेल कंपनीचे ३३.३४ टक्के. गुणाकार करत आलं की एक्झेमच्या वाट्याला गाल्पचे साधारण ६ टक्के येतात. इतक्या डब्यांची आगगाडी कशाला, तर शेवटच्या डब्यात कोण बसलंय ते पहिल्या डब्यातून दिसू नये म्हणून. किंमत ठरली ७.५ कोटी युरो. बयाणा फक्त १५ टक्के. उरलेले सुमारे ६.३ कोटी युरो विकणाऱ्या सोनांगोलनेच एक्झेमला कर्जाऊ दिले, अल्प व्याजाने, आणि फेडीला ११ वर्षांची मुदत. गावात एखाद्याने म्हैस विकावी, पैसेही आपल्याच खिशातून द्यावेत, दूध घेणाऱ्याने काढावं आणि हिशेब अकरा वर्षांनी करू म्हणावं, तसा हा सौदा. २०२० पर्यंत या हिश्शाची किंमत ७५ कोटी युरोंच्या वर गेलेली होती.

जावई असण्याचा खरा फायदा काय, याचं उत्तर या एका सौद्यात सापडतं. फुकट मिळालेलं काही नाही. किंमत लावली होती, करार होता, सह्या होत्या. मिळाली ती मुदत. ओळख नसलेल्या माणसाला बँक तारण मागते, जामीन मागते, हप्ता चुकला की दारात उभी राहते. इथे नातं हेच तारण. पैसा सगळ्यांनाच उभा करता येतो, अकरा वर्षं थांबणारा धनको मिळत नाही.

मुदत भरली २०१७ मध्ये, आणि तोवर सोनांगोलच्या अध्यक्षपदी खुद्द इझाबेल होती. जून २०१६ मध्ये वडिलांनीच तिची नेमणूक केली होती. देणेकऱ्याची बायको आता घेणेकरी. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोतलं हे कर्ज क्वान्झात, म्हणजे अंगोलाच्या चलनात, फेडून घेतलं गेलं. क्वान्झाचा सरकारी दर तेव्हा डॉलरला १६६ च्या आसपास बांधलेला होता आणि लुआंडाच्या रस्त्यावर त्याच डॉलरला दुपटीहून जास्त क्वान्झा मोजावे लागत. सरकारी दराने क्वान्झात फेड म्हणजे निम्म्याहून अधिक कर्ज हवेत विरलं. पुढच्याच जानेवारीत क्वान्झाची बांधलेली दोरी सोडून दिली आणि तो कोसळला. हे जोडपं शेवटपर्यंत म्हणत राहिलं की सगळे व्यवहार कायदेशीर होते आणि मागे लागलंय ते राजकीय सूडबुद्धीने. सूडाचा अंश नसेल असं नाही. पण कायदा ज्या घरात लिहिला जातो त्या घरातल्या माणसाने ‘कायदेशीर’ हा शब्द वापरला की तो ऐकायला जरा पोकळ लागतो.

हिऱ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तिच्यात एक खरंखुरं चांगलं कारण दडलेलं आहे. कच्चा हिरा विकणाऱ्या देशाच्या हाती थोडं येतं. पैलू पाडणारा, जडवणारा, काचेच्या पेटीत मांडणारा जास्त नेतो. सुरतेत नि मुंबईच्या बीकेसीतल्या हिरेबाजारात बसणाऱ्या कुणालाही हे पाठ असतं. डोकोलोचं म्हणणं होतं की अंगोलाने खाणीपाशी न थांबता दागिन्यापर्यंत जावं. म्हणून २०१२ मध्ये जिनिव्हाची द ग्रिसोगोनो ही जवाहिऱ्यांची पेढी घेतली. काळ्या हिऱ्यांसाठी तिचं नाव होतं. विकत घेणारी कंपनी माल्टात नोंदवलेली, तिच्यात निम्मा वाटा सोदियामचा, म्हणजे हिरे विकणाऱ्या सरकारी कंपनीचा, आणि निम्मा डोकोलोचा. वाटे समान. पैसा? पुढच्या दीड वर्षात सोदियामचे ७.९ कोटी डॉलर गेले, डोकोलोचे ४० लाख, असं २०२० मध्ये फुटलेल्या, या जोडप्याच्या व्यवहारांच्या ‘लुआंडा लीक्स’ कागदांत निघालं. शिवाय सौदा जुळवल्याबद्दल सोदियामने त्याला ५० लाख युरो बक्षीस दिलं, म्हणजे घातलेलेही परत आले. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. त्याच्या वकिलांनी आकडा वेगळा सांगितला: त्याने एकूण साडेअकरा कोटी डॉलर ओतले आणि मुळात कल्पनाच त्याची होती.

सोदियामने ते पैसे आणले कुठून, हा भाग सर्वात शिकण्यासारखा आहे. कर्ज काढलं बँको बीआयसीकडून, व्याज ९ टक्के. या खासगी बँकेत सर्वात मोठा वाटा इझाबेलचा. कर्जाला हमी राष्ट्राध्यक्षांच्या हुकूमनाम्याची. आता पाट कसा वाहतो बघा. सरकारी कंपनी मुलीच्या बँकेकडून कर्ज घेते, जावयाच्या पेढीत घालते, व्याज मुलीच्या बँकेला देते, आणि हे बुडणार नाही अशी हमी वडील देशाच्या नावाने देतात. पेढी चालली तर निम्मा नफा जावयाचा. बुडाली तर सगळं कर्ज देशाचं. नव्या सोदियाम अध्यक्षांनी पुढे सांगितलं की कर्ज फिटेपर्यंत कंपनीचं नुकसान २० कोटी डॉलरच्या वर गेलेलं असेल आणि अंगोलाच्या जनतेला एक डॉलरही मिळालेला नाही.

मुखवटे प्रासादात पोचले त्याच महिन्यात, त्याच दुंदोच्या लुंडा नॉर्ते प्रांतात, लुलोच्या खाणीत ४०४.२० कॅरेटचा एक कच्चा हिरा सापडला. म्हणजे सुमारे ८१ ग्रॅम. आपल्या जुन्या मापात सात तोळ्यांना जेमतेम सहा-सात गुंजा कमी! नाव ठेवलं ‘४ फेब्रुवारी’, कारण १९६१ मध्ये त्याच तारखेला लुआंडात पोर्तुगीजांविरुद्धचा सशस्त्र लढा सुरू झाला. (त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा सुटला, अंगोलाला आणखी १४ वर्षं लागली.) कच्चा दगड १.६ कोटी डॉलरला गेला आणि द ग्रिसोगोनोकडे आला. न्यूयॉर्कमध्ये त्याला पैलू पडले. एवढ्या दगडात चिरा नि डाग कुठे आहेत याचे नकाशे काढण्यातच महिने जातात, कारण पहिला काप चुकला तर दुसरा नसतो. डाग टाळत, स्फटिकाच्या नैसर्गिक रेषेने जात जात उरला तो चौकोनी पन्ना-घाटाचा १६३.४१ कॅरेटचा हिरा, अजिबात रंग नसलेला, निर्दोष. ६० टक्के घट. अनुभवी कारागीरही ही घट निमूट सोसतो. मग तो हाराच्या मधोमध बसवला. एका बाजूने पांढरे हिरे, दुसऱ्या बाजूने पाचू, दोन्ही बाजू मुद्दाम विजोड. १४ नोव्हेंबर २०१७ ला जिनिव्हात क्रिस्टीजच्या लिलावात हार सुमारे ३.३७ कोटी डॉलरला गेला.

१५ नोव्हेंबरला इझाबेलची सोनांगोलमधून हकालपट्टी झाली.

हुकूम काढणारे जुआंव लोरेन्सू हे वडिलांनीच निवडलेले वारसदार, खुर्चीत येऊन दोन महिनेही झाले नव्हते. माणसं तीच, पक्ष तोच, प्रासाद तोच. सहीचा हात बदलला. आणि हात बदलताच कळलं की इतक्या वर्षांत जमवलेल्या कंपन्या, बँका, हिस्से यांच्या खाली पाया म्हणून जी गोष्ट होती ती एका म्हाताऱ्या माणसाची प्रकृती होती. जून २०१८ मध्ये लोरेन्सूंच्या सरकारने कायदा केला: परदेशात नेलेला पैसा १८० दिवसांत आपणहून परत आणा, शिक्षा नाही, चौकशी नाही. मुदत संपली की डिसेंबरात दुसरा कायदा, जबरदस्तीचा. वस्तू निमूट परत द्या, नाहीतर कोर्टात भेटू. मुखवट्यांच्या मालकांपुढे डोकोलोने ठेवलेल्या त्याच दोन वाटा. फरक एवढाच की डोकोलो निदान मूळ किंमत तरी मोजत असे.

पुढचं भराभर झालं. डिसेंबर २०१९ मध्ये लुआंडाच्या कोर्टाने नवराबायकोची मालमत्ता गोठवली, दावा १.१ अब्ज डॉलरच्या वरचा. १९ जानेवारी २०२० ला ‘लुआंडा लीक्स’चे कागद फुटले, दहा दिवसांनी द ग्रिसोगोनोने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या पेढीच्या कारागिरांची यात काय चूक होती, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

तरीही मुखवट्यांचं श्रेय त्याच्याकडून काढून घ्यावंसं वाटत नाही. पैसेवाल्याने कलेच्या नावाने हात धुऊन घेणं नवं नाही. २००७ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात आफ्रिकेचं दालन त्याच्या संग्रहातून सजलं तेव्हाच हा पैसा कुठला असं लोकांनी विचारलं होतं. पण हात धुवायचेच असते तर त्याला एखादं गाजलेलं युरोपीय चित्र घेऊन भागलं असतं. दुंदोच्या धुळीत पडलेल्या जुन्या नोंदींशी फोटो ताडत बसायला निराळी चिकाटी लागते. लुटलेली वस्तू ज्याची त्याला मिळाली पाहिजे, हे तो मनापासून मानत असावा. स्वतःकडे असलेल्या वस्तूंना तो हाच नियम लावत नव्हता, इतकंच. आणि या बाबतीत तो जगावेगळा होता असं मानायला काही आधार नाही.

२९ ऑक्टोबर २०२० ला दुबईच्या समुद्रात बुडी मारताना तो गेला. वय ४८. काँगोतून आलेला, अंगोलाचा जावई झालेला माणूस दोन्ही देशांपासून दूर, तिसऱ्याच्याच पाण्यात. सासरे जुलै २०२२ मध्ये बार्सिलोनात गेले, तेही घरापासून लांब. मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, नेदरलँड्समधल्या लवादाचा निकाल आला. २००६ चा एस्पेराझाचा सौदा भ्रष्टाचाराने बरबटलेला असल्यामुळे मुळातूनच रद्द. आगगाडीचे सगळे डबे उलगडत लवाद पहिल्या डब्यापर्यंत पोचला होता. सौदा रद्द म्हणजे आजपासून रद्द नव्हे, पहिल्या दिवसापासून. कायद्याच्या हिशेबात ते ६ टक्के त्याच्याकडे कधी आलेलेच नव्हते.